बर्फावरचा नांगर

अल्टाजवळ, उत्तर नॉर्वे
९ नोव्हेंबर २०२४

अब्बा, सलाम.

आपल्या धाकट्या इरमने तुम्हाला किती सांगितले आहे ते मला माहीत नाही. म्हणून घडले ते क्रमाने लिहिते.

१. वीजकेंद्रातल्या ज्या नोकरीसाठी मी चार वर्षांपूर्वी इथे आले, ती ऑगस्टअखेर सोडली. मला काढलेले नाही.
२. तेव्हापासून बेरित नावाच्या बाईंकडे काम करते. त्या सत्तरीच्या आहेत. त्यांच्याकडे चौतीस कुत्री आहेत. ती बर्फावर स्लेज, म्हणजे चाके नसलेली घसरती गाडी ओढतात.
३. मी कुत्र्यांना खायला घालते, पाय तपासते, नखे कापते, घाण उचलते आणि गाडीला जुंपून पळवते.
४. मार्चमध्ये सहाशे किलोमीटरची शर्यत आहे. आठ कुत्री, एक गाडी, एक माणूस. मी नाव दिले आहे.
५. इथल्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला. त्यात एक कुत्री माझे तोंड चाटते आहे. चुलतभाऊ फैझानने तो दोह्यात बसून शोधला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.
६. त्या दिवसापासून अम्मी फोनवर येत नाही.

हे सुरू कसे झाले, तेही लिहिते. शर्यतीच्या गाड्यांवर ठिकाण कळवणारी यंत्रे बसवायला आमच्या वीज कंपनीने मदत म्हणून मला पाठवले होते. एक यंत्र चुकीची जागा दाखवत होते. ते तपासायला मला गाडीत बसून जावे लागले. जुंपताना कुत्री इतकी भुंकतात की शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. गाडी सुटली की सगळी एकदम गप्प होतात. मग फक्त गाडीच्या पट्ट्यांखाली बर्फ घासल्याचा आवाज. यंत्र दहा मिनिटांत दुरुस्त झाले. मी संध्याकाळपर्यंत परत आले नाही.

याला दोन वर्षे झाली. तुम्ही विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही, असे म्हणता येईल. ते खरे नाही.

तुमचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेल्यापासून फोनवर मीच बोलते आणि तुम्ही टिचकी मारता. या विषयाला टिचकी पुरणार नाही. तुम्ही लिहा, इरम फोटो काढून पाठवेल. मला परवानगी नको आहे. अम्मी पुन्हा माझ्याशी बोलावी, एवढेच हवे आहे.

इफ्फत

---

मांडवी, रत्नागिरी
१७ नोव्हेंबर

इफ्फत बेटा, वालेकुम सलाम.

तुझे पत्र म्हणजे पोलिसांचा पंचनामा. इरम वाचून दाखवत होती, तिसऱ्या कलमाला तिचा आवाज बसला. मग चष्मा लावून मीच वाचले. घरात आवाज नसलेला एक माणूस पुरे.

अम्मीचे सांगतो. फोटो आला त्या दिवशी तिने फोन उलटा करून ठेवला. जेवणे झाली, भांडी झाली, मग मला विचारले, "ती तोंड धुते ना?" मी पाटीवर लिहिले, धुते. "किती वेळा?" आता मी काय लिहू? कुत्र्याचे ओले लागले तर आपल्या शाफई पंथात सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा मातीने, हे तुला मदरशात शिकवलेले आहे. तिथे माती आहे का गो, की सगळे बर्फच?

तिला राग नाही आलेला. रागात ती बोलते, ते तुला माहीत आहे. ती घाबरली आहे. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, आणि पोरगी एवढ्या लांब एकटी, फरिश्त्यांशिवाय. तिचा हिशोब एवढा सरळ आहे.

माझे म्हणशील तर शारजाला जहाजे ओढणाऱ्या टगवर खलाशांचा सारंग होतो तेव्हा कप्तानाने एक कुत्री पाळली होती. सगळे तिला नावाने हाक मारत. मी मारली नाही. नाव घेतले की अंगाशी येणार, अंगाशी आली की धुवावे लागणार. चार वर्षे तिला लांबून माशाची डोकी टाकली. मी सुट्टीवर आलो की ती जेवत नसे म्हणे. हे अम्मीला सांगू नकोस.

आता कामाचे. लगाम कसा धरतेस? आठ जणांचे आठ लगाम दोन हातांत मावतात कसे? गाडी थांबवतेस कशाने? समोरून वारा आला तर काय करतेस? नीट लिही, पंचनाम्यासारखे.

आणि एक टोपी पाठव. लोकरीची, कानांवर येणारी. पहाटे डोक्याला थंडी वाजते.

अब्बा

---

अल्टाजवळ
१ डिसेंबर

अब्बा, सलाम.

लगाम नाही. कुत्री एका मधल्या दोराला जोडीजोडीने बांधलेली असतात आणि तो दोर गाडीला. माझ्या हातात गाडीच्या दांड्याशिवाय काही नसते. उजवीकडे, डावीकडे, चला, थांबा, हे सगळे आवाजाने सांगायचे. पुढची दोन ऐकतात, मागची सहा त्यांच्यामागे जातात. ओरडायचे नाही. ओरडणाऱ्या माणसाचे ती ऐकणे सोडून देतात.

थांबायला ब्रेक आहे. उतरायचे असेल तर दोन दातांचा लोखंडी आकडा बर्फात फेकायचा आणि पायाने दाबायचा. त्याला इथेही नांगरच म्हणतात. समोरून वारा आला तर गाडीमागे वाकायचे. कुत्री वाकत नाहीत.

मागच्या वेळेच्या पिल्लांची नावे बेरितनी मला ठेवू दिली. बांगडा, सुरमई, मांदेली आणि तारली. चौघेही शर्यतीत आहेत. मांदेली सगळ्यांत लहान, तीच पुढे धावते. फोटोतली कुत्री ती. उरलेले चार बेरितचे जुने आहेत. प्रत्येकाच्या प्रत्येक पायात कापडी मोजा घालावा लागतो, नाहीतर बर्फाने बोटांमधली कातडी फाटते. ते मोजे मी शिवते. अम्मीच्या मशीनवर शिकले तेच कामाला येते आहे. हे तिला सांगायचे की नाही, तुम्ही ठरवा.

टोपी आज पाठवली. मात्र रत्नागिरीचे तापमान मी पाहिले. पहाटेसुद्धा वीसच्या खाली गेलेले नाही. तुम्हाला थंडी वाजते ती पंख्यामुळे. पंखा कमी करा.

माती आहे. जूनमध्ये दिसते.

इफ्फत

---

मांडवी
२२ डिसेंबर

इफ्फत बेटा,

नांगर आहे म्हणजे होडीच की. मग मी उगाच काळजी करत होतो. ज्याला नांगर आहे ते कुठेतरी थांबते.

आवाजाने चालवायची आहे म्हणजे मला ती जमणार नाही. टिचकीवर किती कुत्री वळतील? पण तू ओरडत नाहीस हे वाचून बरे वाटले. तांडेल ओरडायला लागला की खलाशी समजतात, याला वाट सापडत नाही.

मोज्यांचे मी अम्मीला सांगितले. "कुत्र्यांना मोजे?" म्हणाली. मग म्हणाली, "तिची टीप सरळ येत नाही. उसवतील." हे मी जसेच्या तसे कळवतो आहे.

मासळीच्या नावांवर इरम अजून हसते आहे. बांगडा पळतो आणि सुरमई ओढते, म्हणाली, तर मांदेलीला तळायला किती वेळ. अम्मी तेव्हाही हसली नाही, पण उठून गेली नाही.

टोपी मिळाली. आता ऐक आणि हस. पुडा सोडला तर टोपीवर दोन पांढरे केस. तुझे नाहीत हे कोणीही सांगेल. अम्मीने चिमट्याने उचलावी तशी टोपी उचलली आणि मागच्या दारी गेली. सात पाण्यांनी धुतली, एकदा परसातली लाल माती लावून. लोकर काय आणि गरम पाणी काय, तिला कोण सांगणार. वाळली तेव्हा नारळाला बसेल एवढी झाली होती. रंग चिऱ्यासारखा तांबडा. आपल्याच घरात असे होऊ शकते.

दुसरी पाठवू नकोस. चालेल.

मुंबईला तपासणीला जाऊन आलो. नेहमीचेच. शर्यत मार्चमध्येच का? जानेवारीत नसतात का शर्यती? लवकरची एखादी असेल तर बघ.

अब्बा

---

अल्टाजवळ
१२ जानेवारी २०२५

अब्बा, सलाम.

टोपीचे वाचले. मला हसू आले नाही. ती बेरितनी विणली होती. अम्मीला नको होती तर तशीच ठेवायची होती. धुऊन संपवायची गरज नव्हती. मी यावर पुन्हा लिहिणार नाही.

शर्यत मार्चमध्येच असते. तेव्हा बर्फ घट्ट असतो आणि दिवस मोठा झालेला असतो. तारीख माझ्यासाठी अलीकडे येणार नाही. तुम्हाला घाई का आहे हे मला समजते. शर्यत लवकर संपली तर मी लवकर परत येईन आणि मग हे सगळे मिटेल, असे तुम्हाला वाटते. ते मिटणार नाही. पुढच्या वर्षी बाराशे किलोमीटरची करायची आहे. त्यासाठी ही पूर्ण करावी लागते.

मागच्या आठवड्यात उतारावर गाडी उलटली. पहिला नियम असा की गाडी सोडायची नाही. माणूस मागे पडला तरी कुत्री धावतच राहतात, मग दोर कुठेतरी अडकतो आणि एखाद्याचा गळा आवळतो. मी पोटावर फरफटत गेले. हनुवटीला चार टाके आहेत. दांडा सोडला नाही. बेरितनी टाके पाहिले आणि म्हणाल्या, आता नाव दिलेस ते ठीक आहे.

तपासणीचा अहवाल पाठवा. "नेहमीचेच" म्हणजे काय ते मला आकड्यांत हवे आहे.

शर्यत शुक्रवारी, ७ मार्चला सुरू होईल. त्या दिवसापासून १२ तारखेपर्यंत माझा फोन बंद असेल. वाटेत बातमी आली की माणसाचे लक्ष कुत्र्यांवरून उडते. इथले पुष्कळ जण असेच करतात. त्या काळात लिहू नका. आमच्या गाड्या नकाशावर ठिपक्यांनी दिसतात. नकाशाचा दुवा इरमला पाठवते.

इफ्फत

---

मांडवी
२५ फेब्रुवारी

इफ्फत बेटा,

अक्षर वाकडे आले आहे, सांभाळून घे. उशीवर कागद ठेवून लिहितो आहे, आळस.

अहवाल इरमकडे आहे. ती पाठवेल. तू आत्ता तुझ्या आठांचे पाय बघ.

तू म्हणतेस मला घाई आहे. आहे. पण तुला वाटते त्यासाठी नाही. मला तुला एकदा पळताना बघायचे होते. ठिपका तर ठिपका.

तू कधी येणार असे मी विचारत नाही. पण येशील तेव्हा लपवून येऊ नकोस. मी जन्मभर दर्यावरून घरी आलो तो मासळीचा वास घेऊन आलो. अम्मीने नाकाला पदर लावला, पण दार उघडले. अंगावरचे सगळे झटकून, जणू कुठे गेलेच नव्हते अशी पोरगी आली, तर आम्ही ओळखायचे कुणाला?

टाके सुकले का?

अब्बा

---

मांडवी
१० मार्च

आपा,

तू हे वाचशील तेव्हा शर्यत संपलेली असेल. अब्बा गेले. काल, रविवारी, दुपार कलताना, असरच्या नमाजानंतर. रात्री रमजानच्या तरावीहच्या नमाजाआधी दफन झाले. फैझान पोचू शकला नाही, मोहल्ल्यातल्या लोकांनी सगळे केले.

आता बाकीचे सांगते. तू ओरडशील, ओरड.

आजार सप्टेंबरातच उलटला होता. फुप्फुसात गेला होता. मुंबईला तपासणी नव्हती गं, किमो होती. ऑक्टोबरात दोन, डिसेंबरात एक. मग डॉक्टर म्हणाले, आता घरी ठेवा. अहवाल मी पाठवला नाही, कारण अब्बांनी कुराणावर माझा हात ठेवून घेतला होता. पाटीवर लिहिले, "तिला कळले तर ती दांडा सोडेल." मी म्हटले, अब्बा, नंतर ती मला मारेल. त्यांनी लिहिले, "मार खा."

टोपी त्यांनी मागितली, कारण डोक्यावर केस उरले नव्हते. पंखा बंदच असायचा.

आणि आपा, अम्मीबद्दल तू जे लिहिलेस ते अब्बांनी तिला दाखवले नाही, मला मात्र वाचायला लागले. टोपी टाकायची असती तर तिने कचऱ्यात टाकली असती. सात वेळा कोण धुतं? तिला ती अब्बांना नमाजातही घालता यावी असे हवे होते. ते डोक्यावरून काढायला तयार नसणार, हे तिला आधीच माहीत होते. भर दुपारी मागच्या दारी उकिडवी बसून धुतली, नखांत माती. आटली तेव्हा ती तिथेच बसून रडली. अब्बांनी ती तशीच डोक्यावर ठेवली, टाळूवर बसेल तेवढी. शेवटपर्यंत तीच होती. ही थट्टेची गोष्ट करून त्यांनीच तुला कळवली.

शुक्रवारपासून फोन त्यांच्या छातीवर टेकवून ठेवला होता. तुझा ठिपका हलला की बोटाने दाखवायचे. थांब्यावर तू सहा तास थांबलीस, तेव्हा मी समजावले की विश्रांती सक्तीची असते. त्यांनी मान हलवली, जसे काही त्यांनाच नियम माहीत होते. अम्मी इफ्तारची भांडी आवरताना विचारायची, "पोचली का ती?" नाव घेतले नाही, पण विचारायची.

काल दुपारी तुझा ठिपका मोकळ्या माळावर थांबला. थांबा नव्हता तिथे. अब्बांनी पाटी मागितली. "का थांबली?" मला माहीत नव्हते. मी म्हटले, निघेल आता. त्यांनी पुन्हा त्याच शब्दांवर बोट ठेवले. अम्मी कुराणातली यासीन वाचायला बसली. ठिपका हलायच्या आधी ते गेले.

अम्मीची इद्दत सुरू झाली आहे. जुलैपर्यंत ती घराबाहेर पडणार नाही. ती ठीक आहे असे मी लिहिणार नाही.

तुझ्या मनाप्रमाणे वाग. मला फक्त लवकर फोन कर.

इरम

---

अल्टाजवळ
२१ मार्च

अम्मी, सलाम.

इरमशी माझे बोलणे झाले आहे. हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे. तू मराठी सावकाश वाचतेस म्हणून अक्षर मोठे काढले आहे.

अब्बांनी विचारले होते, का थांबली. त्याचे उत्तर त्यांना मिळाले नाही. ते तुला सांगते.

माळावर वारा होता. सुरमईची चाल बदललेली दिसली. डावा पुढचा पाय ती नीट टेकत नव्हती. मी नांगर टाकला, पाय पाहिला, खांदा सुजला होता. तिला धावू देता येत नव्हते आणि तिथे सोडताही येत नव्हते. मी तिला गाडीतल्या पिशवीत बसवले. बाकीच्या सातांना प्यायला बर्फ वितळवून पाणी केले, त्यांचे मोजे बदलले, दोर पुन्हा जोडला. त्याला वेळ लागला. मी घाई करू शकले असते, पण केली नाही, कारण घाईने मोजा सैल बसतो. त्या वेळी मी अब्बांची आठवण काढत नव्हते. कुत्र्यांचे पाय बघत होते. हे तुला वाईट वाटेल, तरी खोटे लिहीत नाही.

मग उरलेले अंतर सात जणांनी ओढले. मी शर्यत पूर्ण केली. पाठीमागे तिघेच होते. बेरितनी शेवटच्या रेषेवर मला कॉफी दिली आणि मी फोन चालू केला.

मला आधी कळले असते तर मी थांबले असते की नाही, हे मी पुष्कळदा तपासून पाहिले. नक्की सांगता येत नाही. अब्बांना बहुधा येत होते, म्हणून त्यांनी कळू दिले नाही. मी इरमला काही बोलले नाही.

टोपीबद्दल मी जे समजले ते चूक होते. तुझी माफी मागते.

तू केलेस तसे मी त्यांचे काही केले नाही. डोके पुसले नाही, पाणी पाजले नाही. मी पंखा कमी करा असे लिहिले.

आता पुढचे. मला घरी यायचे आहे. इद्दत आहे, त्यामुळे तू बाहेर येऊ शकत नाहीस. भेटायचे तर त्याच घरात भेटावे लागेल, दुसरी जागा नाही. म्हणून विचारणे भाग आहे. मला त्यांची कबर बघायची आहे आणि तुझ्याजवळ राहायचे आहे, तू ठेवशील तितके दिवस. त्यानंतर मी इथे परत येईन. कुत्री सोडणार नाही. सोडली असे सांगून आत येणे मला जमेल, पण मी तसे येणार नाही. पुढच्या हिवाळ्यात बाराशे किलोमीटर आहेत.

मी कपडे धुऊन येईन. तरीही माझ्या सामानात एखादा केस निघेल, तो मला टाळता येत नाही. दारात सात वेळा पाणी घ्यायला सांगितलेस तर घेईन. परसातली माती तू काढून ठेव, मला किती लागते ते आठवत नाही. पडवीत झोप म्हणालीस तर पडवीत झोपेन. यातले काहीच नको असेल तर तसेही लिही. मी मांडवीतल्या लॉजवर उतरेन, कबरीवर जाईन आणि घरासमोरून न थांबता निघून जाईन. रागावणार नाही.

एप्रिलच्या मध्याचे तिकीट आहे. ते मार्चअखेरीपर्यंतच धरून ठेवता येते. मी घरात यावे की नाही, एवढेच लिही. इरमकडून नको, तुझ्या हाताने लिही, उर्दूत लिहिलेस तरी मी वाचीन. तुझे उत्तर मला रविवार, ३० मार्चपर्यंत हवे आहे.

इफ्फत